कॉमिकमधलं मूल नेमकं मोठं कुठे होतं, आणि त्याचा सिनेमा केला की काय होतं?

कॉमिकवरून सिनेमा किंवा सिरीज आली की चर्चा ठरलेल्या रस्त्यानेच जाते, अमुक सीन गाळला, तमुक कॅरेक्टर भलतंच दिसतंय, शेवट बदलला, म्हणजे पार वाट लावली, आणि सगळं जसंच्या तसं उचललं असेल तर लोक खूश. मला ही मोजपट्टीच चुकीची वाटते, निदान मोठं होण्याच्या गोष्टींसाठी तरी. म्हणजे ज्या कॉमिकमधे एखादी मुलगी किंवा मुलगा आपल्यासमोर वयात येतो, शरीर बदलतं, कुणावर तरी पहिल्यांदा जीव जडतो, आईवडीलही चुकतात आणि लपवतात हे कळतं, अशा गोष्टी. कारण यातलं सगळ्यात महत्त्वाचं जे असतं ते बऱ्याचदा चित्रात काढलेलंच नसतं, ते दोन गोष्टींच्या मधल्या जागेत असतं. आणि मधली जागा कॉपी करता येत नाही, तिच्यासाठी नव्या माध्यमात नवीन सोय करावी लागते. ती सोय केली का, कशी केली, हा माझ्या मते खरा प्रश्न.

आता मधली जागा म्हणजे काय ते आधी बघू. कॉमिकचं पान म्हणजे चौकटी आणि चौकटींच्या मधली रिकामी पट्टी. स्कॉट मॅकक्लाउड या अमेरिकन कॉमिक्सकारांनी १९९३ साली कॉमिक्स कशी चालतात हे सांगणारं अख्खं पुस्तक कॉमिकच्याच रूपात काढलं, त्यातलं गाजलेलं उदाहरण असं की एका चौकटीत माणसावर कुऱ्हाड उगारलेली आहे आणि पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि किंकाळी. मग वार केला कुणी? वाचकाने. चित्रकाराने तो काढलाच नाही, तो त्या पट्टीत आपण आपल्या डोक्यात केला. आता हेच वयाला लावून बघा, एका चौकटीत पोरगी दहा वर्षांची, पुढच्या चौकटीत चौदाची, मधली चार वर्षं त्या पट्टीत गेली आणि ती आपण भरली. मोठं होणं तसंही कुणाला होताना दिसत नाही, झाल्यावरच लक्षात येतं, त्यामुळे कॉमिकचा फॉर्म या विषयाला इतका फिट बसतो.

पण अजून एक जागा आहे आणि ती मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. आत्मचरित्रात्मक कॉमिकमधे चित्रात असते लहान मुलगी, फुग्यात असतं त्या मुलीचं बोलणं, आणि वरच्या कॅप्शनमधे, म्हणजे चौकटीतल्या निवेदनाच्या ओळींत, बोलत असते तीच मुलगी पण वीस-तीस वर्षांनी मोठी झालेली. एकाच चौकटीत एकाच माणसाची दोन वयं. कादंबरीत हे एकापाठोपाठ एक वाक्यांनी सांगावं लागतं, सिनेमात व्हॉइसओव्हर टाकता येतो पण तो कानावरून निघून जातो, कॉमिकमधे मात्र दोन्ही वयं एकाच नजरेत समोर असतात आणि एकमेकांशी भांडतही असतात. मूल म्हणतं मला काही वाटलं नाही, कॅप्शन म्हणतं ती रात्र मी अजून विसरले नाही. ते मूल मोठं कुठे झालं, तर फुगा आणि कॅप्शन यांच्या मधे.

गंमत म्हणजे कॉमिक्समधली मुलं बराच काळ मोठीच होत नव्हती. 'पीनट्स' या पेपरातल्या अमेरिकन कॉमिक मालिकेतला चार्ली ब्राउन १९५० मधे सुरू झाला आणि २००० मधे मालिका संपली तेव्हाही शाळकरी पोरगाच होता. इटालियन लेखक उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर जो निबंध लिहिला त्याचा एक मुद्दा हाच होता, की हिरोने काही कायमचं केलं, लग्न केलं, वय वाढवलं, की तो मरणाच्या दिशेने एक पाऊल टाकतो, म्हणून या गोष्टींमधला काळ मुद्दाम धूसर ठेवावा लागतो. अपवाद होते, फ्रँक किंग यांच्या 'गॅसोलीन ॲली' या १९१८ ला सुरू झालेल्या, पेपरात येणाऱ्या अमेरिकन कॉमिक स्ट्रिपमधे १४ फेब्रुवारी १९२१ ला दारात एक तान्हं बाळ सापडतं, आणि मग ते पेपर वाचणाऱ्यांच्या बरोबरीने, खऱ्या कॅलेंडरप्रमाणे वाढत जातं, थेट दुसऱ्या महायुद्धात सैनिक होईपर्यंत. पण एकूणात रोजच्या स्ट्रिपला आणि सुपरहिरोच्या धंद्याला न वाढणारं मूलच सोयीचं होतं. खरं मोठं होणं आलं ते ज्या कॉमिकला शेवट आहे, शेवटचं पान आहे, तिथे.

आता 'पर्सेपोलिस' घ्या. मर्जान सत्रापी यांचं हे कॉमिक फ्रान्समधे २००० ते २००३ च्या दरम्यान चार भागांत आलं, इराणमधे क्रांती झाली तेव्हा लहान असलेल्या मुलीची, म्हणजे त्यांची स्वतःचीच गोष्ट. पहिल्या चौकटीत १९८० मधली दहा वर्षांची मर्जी (मर्जानचं लाडकं नाव) डोकं झाकून आपल्याकडे बघत बसलीये, आणि लगेच पुढे वर्गातल्या मुलींचा फोटो, ज्यात ती एकदम डाव्या टोकाला असल्यामुळे चौकटीच्या कडेनेच कापली गेलीये, आणि कॅप्शनमधली मोठी बाई शांतपणे सांगते की मी तिथे टोकाला आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही. दोन चौकटींत सगळं आलं बघा, आधी एकटी मुलगी, मग एकसारख्या दिसणाऱ्या मुलींच्या रांगेत दिसेनाशी झालेली मुलगी, आणि वरून हे सगळं कळलेली बाई.

चित्रं सपाट काळी-पांढरी, सावल्यांचं करड्या रंगाचं काम नाही, चेहरे अगदी मोजक्या रेषांचे. मॅकक्लाउड यांचं म्हणणं असं की चेहरा जितका साधा तितका वाचक त्याच्या आत पटकन शिरतो, तपशीलवार चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. सत्रापी यांनी व्हिन्सेंट पारोनो यांच्यासोबत २००७ मधे याचा सिनेमा केला तेव्हा खरे नट न घेता हाताने काढलेलं ॲनिमेशनच ठेवलं, आणि त्यामागचं कारणही त्यांनी सांगितलंय, की खरी माणसं आणि खरं गाव दाखवलं असतं तर ती कुठल्यातरी लांबच्या देशातल्या वेगळ्या लोकांची गोष्ट होऊन बसली असती. मला हे शंभर टक्के पटतं. इथे कॉमिककडून काय न्यायचं तर सीन नाही, रेषेचा साधेपणा न्यायचा, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पण त्यांनी एक गोष्ट नव्याने घातली. सिनेमाची सुरुवात रंगीत आहे, मोठी झालेली मर्जान पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर बसलीये आणि तिथून मागचं आठवतीये, मागचं बहुतेक सगळं काळं-पांढरं. कॉमिकमधे असा विमानतळाचा धागा नाही, का, तर तिथे गरजच नव्हती, मोठी बाई कॅप्शनमधे होतीच की. सिनेमात कॅप्शन गेलं, मग त्या आवाजाला शरीर दिलं, जागा दिली, रंग दिला. मूळ पुस्तकात नसलेला सीन म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला हे दाखवायला हवं, की हे पुस्तकात होतंच, फक्त वेगळ्या रूपात होतं.

त्यातच मर्जान शिकायला व्हिएन्नाला गेलेली असतानाचा एक प्रसंग आहे, पंधरा ते सोळा या वर्षभरात मर्जान भराभर उंच होते आणि चेहऱ्याचे एकेक अवयव आपापल्या वेळेने वाढत सुटतात, आधी चेहरा लांब, मग एक डोळा मोठा, मग हनुवटी. कॉमिकमधे प्रत्येक बदल वेगळ्या चौकटीत आहे, त्यामुळे हसू येतं पण ते फोटोंच्या ओळीसारखं थोडं लांबून येतं. सिनेमात तेच शरीर आपल्यासमोर सलग ताणत, फुगत, सरकत जातं, आणि त्या वयात आपल्याच शरीरावर आपला ताबा नसतो ही जी भावना असते ती इथे थेट पोचते. या एका जागी मला सिनेमा कॉमिकपेक्षा सरस वाटतो. उलट तेहरानमधे, युद्धाच्या काळात, शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडल्यानंतर मर्जीला ढिगाऱ्यात मैत्रिणीची ओळखीची बांगडी दिसते, त्या प्रकरणाची शेवटची चौकट नुसती काळी आहे. चित्रच नाही. त्या काळ्या चौकटीवर किती वेळ थांबायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं, कुणी पान लगेच उलटतं, कुणाला उलटवतच नाही. सिनेमात वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो, तो पुढे सरकतोच, आणि ही वाचकाच्या हातातली थांबण्याची ताकद कुठलाही सिनेमा परत देऊ शकत नाही. 'वॉचमेन' या सुपरहिरो कॉमिकच्या २००९ च्या सिनेमात कितीतरी फ्रेम पुस्तकातल्या चौकटींवरून हुबेहूब घेतल्यात, तरी पुस्तकात पानावरच्या नऊ सारख्या चौकटींच्या जाळीतून वाचताना जी लय लागते ती नाही लागत, त्याचं कारणही हेच.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या उदाहरणाकडे येतो आणि इथे जरा रेंगाळणार आहे. ॲलिसन बेकडेल यांचं 'फन होम', २००६ चं आत्मचरित्रात्मक कॉमिक. पेन्सिल्व्हेनियातल्या छोट्या गावात वडील शाळेत इंग्रजी शिकवतात आणि घरचा अंत्यसंस्कारांचा व्यवसायही बघतात, घर सजवण्याचं वेड, मुलांशी वागणं तुटक. मुलगी कॉलेजात गेल्यावर घरी पत्राने कळवते की मला मुली आवडतात, त्यावर तिला कळतं की वडिलांचे आयुष्यभर पुरुषांशी लपून संबंध होते, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९८० मधे, वडील ट्रकखाली येऊन जातात. अपघात की आत्महत्या, हे तिला शेवटपर्यंत नक्की कळत नाही. पुस्तक सरळ रेषेत जात नाही, त्याच त्याच प्रसंगांभोवती पुन्हा पुन्हा फिरतं, प्रत्येक फेरीत एक पापुद्रा निघतो. म्हणजे मोठं होणं इथे पुढे जाण्यात नाहीये, तेच परत बघण्यात आहे.

लहान ॲलिसन डायरी लिहिते. आधी साधी वाक्यं, आज हे झालं, ते झालं. मग तिला शंका यायला लागते की हे खरंच असंच झालं का, म्हणून ती प्रत्येक वाक्यात बारीक अक्षरात 'मला वाटतं' असं घुसडायला लागते, पुढे त्याच्याऐवजी एक छोटं टोकदार चिन्ह, आणि मग ते चिन्ह शब्दांवर, नंतर अख्ख्या नोंदींवर पसरतं. बेकडेल हे सांगत बसत नाहीत, त्या ती डायरीच काढून दाखवतात, मुलीचं अक्षर, त्यावर गिरवलेली चिन्हं. एका मुलीचा जगावरचा भरवसा उडतोय हे तुम्ही अक्षराच्या वळणात बघता. हे फक्त कॉमिकच करू शकतं, कारण इथे अक्षर हेही चित्रच असतं.

मग याचं नाटक कसं करणार? जिनीन टेसोरी यांचं संगीत आणि लिसा क्रॉन यांची संहिता-गाणी असं ब्रॉडवेवरचं संगीतनाटक झालं आणि २०१५ मधे त्याला सर्वोत्तम म्युझिकलचा टोनी पुरस्कार मिळाला. त्यांनी काय केलं तर ॲलिसनच्या तीन अभिनेत्री घेतल्या, लहान, कॉलेजातली आणि मोठी. मोठी ॲलिसन स्टेजवरच असते, बाकीच्या दोघींना बघत, चित्र काढायला धडपडत, आणि मधेच 'कॅप्शन' असं म्हणून एखादं वाक्य बोलते, नाही जमलं की खोडते. कॉमिकच्या चौकटीतली ती दोन वयं अक्षरशः एकाच जागी हाडामांसाची उभी केली. माझ्या मते कॉमिकवरून झालेल्या माध्यमांतरांत याच्याइतका नेमका विचार फार कमी ठिकाणी झालाय.

दोन जागा बघा. पुस्तकात एका हॉटेलात लहान ॲलिसनला पुरुषी कपड्यातली, केस कापलेली, माल पोचवणारी ट्रकवाली बाई दिसते आणि ती बघतच राहते. वडील रागाने विचारतात, तुला असं दिसायचंय का? ती म्हणते नाही. फुग्यात 'नाही', आणि कॅप्शनमधे मोठी ॲलिसन सांगते की त्या बाईच्या आठवणीने तिला पुढे कित्येक वर्षं आधार दिला. अख्खा प्रसंग त्या नकाराच्या आणि कॅप्शनच्या मधे राहतो. नाटकाने इथे लहान मुलीला गाणं दिलं, आणि त्या गाण्यात तिची वाक्यं अर्धवट सुटत राहतात, काय वाटतंय ते सांगायला तिच्याकडे शब्दच नाहीत. पुस्तकात जी पोकळी फुगा आणि कॅप्शनच्या मधे होती ती गाण्यात अडखळण्यात गेली.

दुसरी जागा गाडीतली. वडील आणि कॉलेजातली ॲलिसन सिनेमाला निघालेत, पहिल्यांदाच दोघं त्या विषयावर काहीतरी बोलू बघतायत. या पुस्तकात पानांची रचना सतत बदलते, पण इथे समोरासमोरच्या दोन पानांवर एकसारख्या लहान लहान २४ चौकटी आहेत, जवळपास सगळ्यांत तेच दोन चेहरे शेजारी शेजारी समोर बघत. थोडंफार बोलणं होतं, पण प्रत्येक चौकटीबरोबर वाटतं आता मोकळं बोलतील, आणि पट्टी येते. चोवीस वेळा संधी आणि चोवीस वेळा ती निसटते. नाटकात या प्रसंगात कॉलेजातली ॲलिसन नसतेच, तिच्या जागी मोठी ॲलिसन गाडीत जाऊन बसते, म्हणजे इतका वेळ बाहेरून बघणारं कॅप्शनच चित्रात शिरतं, पुढे काय होणार हे माहीत असलेली बाई वडिलांशी बोलायचा प्रयत्न करते आणि तिलाही जमत नाही. मूळ पुस्तकात असं काही घडत नाही, तरी मला हे पुस्तकाशी जास्त प्रामाणिक वाटतं, चोवीस चौकटी हुबेहूब स्टेजवर आणल्या असत्या त्यापेक्षा.

याच्या बरोब्बर उलट उदाहरण म्हणजे जुल मारो यांचं २०१० चं फ्रेंच कॉमिक, ज्यावरून अब्देललतीफ केशिश यांनी केलेल्या सिनेमाला २०१३ मधे कान महोत्सवात पाम द'ऑर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, इंग्रजीत दोन्ही 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर' याच नावाने ओळखले जातात. कॉमिकमधे नायिका क्लेमांतीन सुरुवातीलाच वारलेली आहे, तिची प्रेयसी एमा तिची डायरी वाचते, आणि त्या आठवणी करड्या रंगात, त्यात फक्त निळा उठून दिसतो, एमाचे केस निळे म्हणून. म्हणजे प्रत्येक पहिलेपणावर, पहिली नजर, पहिला स्पर्श, शेवटाची सावली आहे. सिनेमाने डायरीही काढली, मृत्यूही काढला, नायिकेचं नाव अदेल केलं आणि तीन तास कॅमेरा तिच्या चेहऱ्याला चिकटवून ठेवला. दोन वयं उरली नाहीत, फक्त आत्ता उरला. वाईट सिनेमा आहे असं मी म्हणत नाही, ती घुसमट आणि भूक त्यात जबरदस्त आहे, पण ही मोठं होण्याची वेगळीच गोष्ट झाली, इथे मागे वळून बघणारं कुणीच नाही. टीका करायची तर इथे करावी. शेवट बदलला ही तक्रार वरवरची आहे, कोण कुठून बघतंय ते बदललं हा खरा बदल आहे.

'घोस्ट वर्ल्ड'बद्दल थोडक्यात. डॅनियल क्लाउज यांच्या कॉमिकमधे शाळा संपलेल्या दोन मैत्रिणी हळूहळू एकमेकींपासून सुटत जातात आणि भांडण असं नीट होतच नाही, सगळं फिकट निळसर-हिरव्या छटेत. २००१ च्या सिनेमात, जो क्लाउज यांनीच टेरी झ्विगॉफ यांच्याबरोबर लिहिला, सीमूर नावाचा वयाने मोठा एकटा माणूस मध्यभागी आला आणि मैत्रीण कडेला गेली. सिनेमा मला आवडतो, पण दोन मुलींमधलं ते बिनआवाजाचं तुटणं त्यात बरंच हरवलं हे खरं.

आता अगदी वेगळा प्रकार, 'स्पायडरमॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स', २०१८. माइल्स मोरालेस हा कॉमिक्समधे २०११ ला आलेला किशोर, आणि हा सिनेमा कुठल्याही एका कॉमिकची गोष्ट उचलत नाही, कॉमिकची भाषाच उचलतो, छपाईचे ठिपके, चौकटी, आवाजाचे शब्द. कोळी चावल्यानंतर माइल्सचे विचार पडद्यावर कॅप्शनसारखे उमटायला लागतात, म्हणजे वयात येणं आणि स्वतःचा आतला आवाज ऐकू येणं एकत्र घडतं. पण मला जास्त भारी वाटते ती फ्रेमची युक्ती. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र दिलं तर हालचाल गुळगुळीत दिसते, एकच चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं होतात आणि हालचाल थोडी तुटक दिसते. जंगलातून झोके घेत पळण्याच्या सीनमधे अनुभवी स्पायडरमॅन पीटर गुळगुळीत आहे आणि माइल्स तुटक, एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी. पुढे इमारतीवरून झेप घेतो तिथे त्याची हालचालही सलग होते. बघताना हे बहुतेकांना सांगता येत नाही, पण जाणवतं नक्की. पोरगं आत्मविश्वास कमावतंय हे संवादाने सांगायच्या ऐवजी दोन चित्रांच्या मधल्या जागेने सांगितलंय, आणि कॉमिकचं मर्म तेच तर आहे.

आणि शेवटी ताकेहिको इनोउए यांचं 'स्लॅम डंक'. १९९० ते १९९६ चाललेला बास्केटबॉलचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, लाल केसांचा साकुरागी नावाचा दांडगा पोरगा एका मुलीवर छाप पाडायला खेळात येतो आणि खेळाच्याच प्रेमात पडतो, ही त्याची मुख्य गोष्ट. २०२२ मधे इनोउए यांनी स्वतः सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला, मांगातली शेवटची, सान्नो शाळेच्या संघाविरुद्धची मॅच घेतली आणि केंद्रस्थानी आणला र्‍योता मियागी, संघातला बुटका पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेत खेळ चालवणारा), ज्याच्या घराबद्दल मूळ मालिकेत जवळपास काहीच नव्हतं. सिनेमात कळतं की तो ओकिनावाचा, मोठा भाऊ समुद्रात गेला तो परत आलाच नाही, आई आणि तो एकमेकांशी बोलायचे राहिलेत. मॅच चालू असताना मधेमधे हे सगळं येत जातं. साकुरागीला बाजूला टाकलं म्हणून काही जुने वाचक नाराज झाले, आणि त्यांची माया मी समजू शकतो, पण साकुरागीचं मोठं होणं मांगाच्या पानांवर पूर्ण झालंय, त्यात भर घालायला जागाच नव्हती. जागा होती ती मियागीच्या चौकटींमधे, तो कित्येक वर्षं तिथे खेळत होता आणि तो आला कुठून हे कुणी विचारलं नव्हतं. मॅचमधे दोन उंच खेळाडू त्याला कोंडतात आणि तो खाली वाकून बॉल घेऊन त्यांच्या मधून निसटतो, ही मूव्ह मांगातही आहे, तिथे ती कौशल्याची आहे. सिनेमात त्याआधी आपण त्याला लहानपणी भावाबरोबर एकास एक खेळताना, धक्के खाऊन परत उठताना बघितलेलं असतं, त्यामुळे तो निसटतो तेव्हा चित्र जवळपास तेच असूनही ती मूव्ह कुणी शिकवली हे आपल्याला माहीत असतं.